काचेची पट्टी

बाबालाल नदाफ भिंतीला कान लावतो
आणि हातोडीच्या दांड्यानं ठक ठक करतो.
एका जागी भरीव, दोन वीत पुढं पोकळ,
पुन्हा भरीव.
"गिलावा सुटलाय," म्हणतो, "भिंत न्हाई."
मला वाटतं, चला, एवढं तरी बरं.

सांगलीवाडीतलं हे घर आम्ही गेल्या दिवाळीत घेतलं.
चौऱ्याहत्तरचं बांधकाम, वर स्लॅब, खाली शहाबादी.
"काही प्रॉब्लेम नाही घराला,"
आवटींचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला होता.
स्वस्त का, ते मग हप्त्याहप्त्यानं कळत गेलं.

पुराची रेघ खिडकीच्या अर्ध्यावर.
तिच्यावर तीन हात रंग,
तरी ओल खालून चढतेच,
पांढरं फूल धरते भिंतीवर.
एकदा बोट लावून चाखलं मी.
खारट.

नळाचा पाइप कापला तर आत
पेन्सिल जाईल एवढीच वाट.
पन्नास वर्षांचा गंज बसलाय थरावर थर,
आणि आम्ही टाकीला दोष देत होतो.
वायरमन शीतल चौगुले बोर्ड उघडून हसला,
"अर्थच न्हाई की वो ह्या घराला!"
महावीर मार्केट यार्डातून आला होता,
शर्टाच्या बाह्यांवर हळद,
त्यानं विचारलं, "अर्थ घालायचे किती?"
आकडा ऐकून तो खालीच बसला,
सिमेंटच्या पोत्यावर.

न्हाणीच्या छताची खपली एका रात्री बादलीत पडली.
आत सळई, जुन्या वहीसारखी पान पान सुटलेली.
मगदूम बाई इंजिनिअर, शिडीवर चढून म्हणाल्या,
लोखंड गंजलं की फुगतं,
आणि ज्यानं धरून ठेवलं
त्यालाच बाहेर ढकलतं.
हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं,
खाली उतरून हात झटकले,
आणि चहात साखर नको म्हणाल्या.

मला मात्र हॉल हवा होता.
विश्रामबागेत नणंदेच्या फ्लॅटमध्ये आहे तसा,
सोपा न् स्वयंपाकघर एक.
मधली भिंत पाडायची म्हणून
मी तिच्यावर खडूनं फुली मारून ठेवलेली.
बाईंनी फुलीवर तळवा ठेवला.
"ह्या घरात पिलर नाहीत. ह्याच पिलर.
वरचा सगळा भार हिच्या डोक्यावर,
आणि तुम्ही पंधरा दिवस हिला
नको नको म्हणताय."

भेग निजायच्या खोलीत आहे, कोपऱ्यातून तिरकी.
खाली काळी माती. उन्हात आवळते, पाण्यात फुगते.
मे महिन्यात भेगेत करंगळी जाते,
श्रावणात पोस्टकार्डसुद्धा जात नाही.
बाबालालनं रंग खरवडला तेव्हा
खाली शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा निघाल्या,
भेगेच्या टोकाशी, एकेक तारीख धरून.
१९ मे ८१, इथवर.
११ मे ८७, इथवर. 
ऑगस्ट, मिटली.
पुन्हा मे. पुन्हा मिटली.
चोवीस वर्षं आवटी अण्णा
पट्टी घेऊन ह्या कोपऱ्यात उभे राहिले असणार,
बायको म्हणत असणार, जेवायला चला.
शेवटची ओळ जरा थरथरती,
"पाणी आलं. मोजली नाही."

"भरू का?" बाबालालनं विचारलं.
थापी भरलेली, माल सुकत चाललेला.
बाई म्हणाल्या, थांबा,
आधी बघू, चालते का अजून.
भेगेवर आडवी काचेची पट्टी डकवली,
दोन्ही टोकांना प्लास्टर,
शेजारी तारीख घातली, अण्णांच्याच ओळीखाली.
"तुटली तर फोन करा."

मधल्या भिंतीत आता खिडकी आहे,
वर लोखंडी तुळई, रेडऑक्साइड मारून.
तिच्यातून मी ताट सरकवते,
महावीर पलीकडून घेतो.
फुली अर्धी राहिलीय, पुसली नाही.

सकाळी उठले की आधी कोपऱ्यात जाते,
मग चहा.
आज पण अख्खी होती.
कडेला एक केसाएवढी रेघ दिसली,
ती काचेतलीच असावी.